हायड्रा म्हातारा होत नाही, मग आपण का? वार्धक्य, मूलपेशी आणि 'स्टेम सेल' उपचारांबद्दल

मूलपेशी, म्हणजेच स्टेम सेल, हा शब्द आता दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात आहे आणि मोबाइलवरच्या जाहिरातींतही. पेण, नागोठणे, खांब, कोलाड, रोहा या पट्ट्यातले रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक हल्ली दवाखान्यात हेच विचारतात. आईच्या गुडघ्यात स्टेम सेलचं इंजेक्शन दिलं तर ऑपरेशन टळेल का? वडिलांना अर्धांगवायू होऊन वर्ष झालं, मुंबईत किंवा पुण्यात कुणी मूलपेशी देऊन हात हलता करून देतं का? बाळाची नाळ जपून ठेवायची का? यामागे बहुतेक वेळा एक बातमी असते: 'शास्त्रज्ञांनी वार्धक्य उलटवलं.' बातमी खोटी असतेच असं नाही. पण ती बहुधा एखाद्या उंदराबद्दल, माशीबद्दल किंवा तळ्यातल्या अर्ध्या इंचाच्या जिवाबद्दल असते.

त्या जिवावर आपल्या पुण्यात बरंच काम झालेलं आहे. ते समजून घेतलं की जाहिरातीतलं खरं किती आणि जोडलेलं किती हे ओळखायला सोपं जातं.

मूलपेशी आणि आपलं वय

शरीरातल्या बहुतेक पेशींचं काम ठरलेलं असतं. स्नायूची पेशी आखडते, तांबडी पेशी प्राणवायू वाहते. मूलपेशीचं काम वेगळं. ती विभागते तेव्हा तिच्यासारखीच एक पेशी मागे राहते आणि दुसरी पेशी पुढे जाऊन रक्ताची, त्वचेची किंवा आतड्याची होते. बियाण्यासाठी राखून ठेवलेल्या भातासारखं हे आहे. सगळं भात खाऊन टाकलं तर पुढच्या पावसाळ्यात पेरायला काही उरत नाही.

प्रत्येक अवयवाची या बाबतीतली श्रीमंती वेगळी असते. आतड्याचं अस्तर चार-पाच दिवसांत बदलतं. तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते आणि तिच्या जागी अस्थिमज्जेतून, म्हणजे हाडांच्या आतल्या मगजातून, नवी येते. त्वचेचा वरचा थर महिनाभरात नवा होतो. हृदयाच्या स्नायूपेशी मात्र वर्षाला एक टक्का किंवा त्याहूनही कमी बदलतात. मेंदूतल्या बहुतेक चेतापेशी जन्मापासून शेवटपर्यंत त्याच असतात. म्हणून कातडी खरचटली तर आठवड्यात भरते, पण हार्ट अटॅकमध्ये मेलेल्या स्नायूच्या जागी व्रण राहतो.

वय वाढतं तसं या राखीव पेशींवरही परिणाम होतो. काही कमी होतात, काही असूनही हाकेला उठत नाहीत, आणि काही नको तितक्या विभागू लागतात. सत्तरीनंतर जखम भरायला वेळ लागतो, आठवडाभर अंथरुणाला खिळलं की स्नायू झपाट्याने उतरतात, लसीचा परिणाम तरुणांइतका होत नाही. याची कारणं अनेक आहेत, थकलेल्या मूलपेशी हे त्यातलं एक. रक्ताच्या बाबतीत हे चांगलं मोजलेलं आहे. सत्तरी ओलांडलेल्या दहातल्या निदान एका माणसात रक्ताच्या पेशींचा लक्षात येईल इतका भाग बदल झालेल्या एकाच मूलपेशीच्या वंशातून आलेला असतो. बहुतेकांना याचा काही त्रास होत नाही. मात्र रक्ताच्या कर्करोगाचा आणि हृदयविकाराचा धोका काहीसा वाढतो. म्हणजे म्हातारपणात मूलपेशी नुसत्या 'संपतात' असं नाही, त्या भरकटतातही. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे ती कामाला येणार आहे.

पुण्यातला हायड्रा

पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत जीवशास्त्रज्ञ डॉ. सुरेंद्र घासकडबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक वर्षं हायड्रावर काम केलं. दहावीच्या पुस्तकात मुकुलायन शिकताना ज्याचं चित्र काढावं लागतं तोच हा हायड्रा. स्वच्छ, संथ गोड्या पाण्यात, पाणवनस्पतींना चिकटून राहणारी ही काही मिलिमीटरची नळी. एका टोकाला पाय, दुसऱ्या टोकाला तोंड आणि भोवती शुंडके. या गटाने भारतात सापडणाऱ्या नेहमीच्या हायड्राचं जनुकीय वर्णन २०११ मध्ये प्रसिद्ध केलं. त्या वाणाला 'हायड्रा व्हल्गॅरिस इंड-पुणे' असं नाव आहे.

हायड्राच का? कारण तो कापला तरी पुन्हा पूर्ण होतो. १७४० च्या दशकात अब्राहम ट्रेम्बली या निसर्गअभ्यासकाने हॉलंडमध्ये त्याचे तुकडे करून पाहिले आणि प्रत्येक तुकड्यातून नवा प्राणी उभा राहिलेला बघून युरोप थक्क झाला होता. आज आपल्याला त्याचं कारण बरंचसं माहीत आहे. हायड्राच्या शरीरात तीन प्रकारच्या मूलपेशी आयुष्यभर विभागत राहतात. बाहेरच्या आणि आतल्या थरातल्या पेशी साधारण तीन-चार दिवसांतून एकदा विभागतात, तिसऱ्या प्रकारच्या त्याहून जलद. मधल्या भागात नव्या पेशी तयार होतात आणि जुन्या सरकत सरकत पायाकडे, शुंडकांच्या टोकाकडे किंवा नव्या कळीत जातात. टोकाला पोचलेल्या गळून पडतात. काही आठवड्यांत जवळपास सगळा प्राणी नव्या पेशींचा झालेला असतो.

पण नुसतं विभागत राहणं पुरत नाही. प्रत्येक विभाजनात डीएनएची नक्कल होते आणि नकलेत चुका राहू शकतात. इतकी वर्षं विभागणाऱ्या पेशी चुकांनी भरून कशा जात नाहीत? पुण्यातल्या गटाच्या कामाचा रुग्णांच्या दृष्टीने मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग इथेच आहे. माणसात डीएनए दुरुस्त करणारी जी यंत्रणा आहे, तिच्यातल्या अनेक जनुकांची भावंडं हायड्रातही आहेत हे त्यांनी दाखवलं. त्यातल्या 'एक्सपीएफ' या जनुकावरचा त्यांचा लेख २०१३ चा आहे आणि हायड्राच्या एकूण दुरुस्ती यंत्रणेचा आढावा २०२१ चा.

हे एक्सपीएफ नाव आलं आहे झेरोडर्मा पिगमेंटोसम या दुर्मीळ आनुवंशिक आजारावरून. या आजाराच्या मुलांना थोड्याशा उन्हानेही त्वचा भाजते, लहानपणीच डाग पडतात आणि त्वचेचे कर्करोग होतात, कारण उन्हाने बिघडलेला डीएनए त्यांच्या पेशींना नीट दुरुस्त करता येत नाही. ज्या दुरुस्तीअभावी एखादं मूल उन्हात जाऊ शकत नाही, तीच दुरुस्ती तळ्यातल्या या प्राण्यातही आहे. इतकी जुनी आणि इतकी जपलेली यंत्रणा असेल तर ती जगण्यासाठी किती मूलभूत आहे हे कळतं. प्राण्यांवरच्या संशोधनाचा खरा उपयोग असा असतो: आपल्या आजारामागचं यंत्र उघडून बघायला मिळतं.

तो खरंच म्हातारा होत नाही का?

हे तपासायचं तर हायड्रा पाळून वर्षानुवर्षं मोजत बसावं लागतं. डॅनिएल मार्टिनेझ या जीवशास्त्रज्ञाने अमेरिकेत ते केलं. चार वर्षं हायड्रा सांभाळून १९९८ मध्ये त्याने लिहिलं की वय वाढलं तरी त्यांचा मृत्युदर वाढत नाही. नंतर जर्मनी आणि अमेरिकेतल्या प्रयोगशाळांनी मिळून २,२५६ हायड्रांची नोंद ठेवली आणि २०१५ मध्ये आठ वर्षांचे आकडे मांडले. बहुतेक गटांत वर्षाला साधारण १६७ पैकी एक हायड्रा मरत होता, आणि हा दर तरुण व वयस्कर हायड्रांत सारखाच होता. आपल्याकडे उलट असतं. तिशीच्या माणसापेक्षा ऐंशीच्या माणसाला त्या वर्षात मृत्यू येण्याची शक्यता कितीतरी पट जास्त असते.

'अमर' हा शब्द मात्र बातमीदारांचा. हायड्रा मरतो. त्याला कुणी खातं, पाणी बिघडतं, तो सुकतो. शिवाय त्याच्याच गोतावळ्यातली हायड्रा ऑलिगॅक्टिस ही जात थंडीत लैंगिक प्रजनन करते आणि त्यानंतर काही महिन्यांत खंगून मरते. तिच्यात वार्धक्य दिसतं. एकाच कुळात एक जात म्हातारी होते आणि दुसरी होत नाही, हे संशोधकांसाठी मोठं धन आहे, कारण दोघींची तुलना करून नेमका फरक शोधता येतो.

आपण हायड्रासारखे का नाही

हायड्राला जुनी पेशी टाकून देणं परवडतं. त्याला हृदय नाही, मूत्रपिंड नाही, मेंदू नाही, फक्त चेतापेशींचं साधं जाळं आहे आणि तेही बदलत राहतं. आपण आपल्या चेतापेशी अशा टाकू शकत नाही. नातवाचं नाव, घरचा रस्ता, भाकरी थापण्याची हाताची सवय हे सगळं त्या पेशींमधल्या जोडण्यांत साठलेलं असतं. नव्या कोऱ्या पेशी आणून बसवल्या तरी त्या जोडण्या कुठून येणार? अर्धांगवायूच्या रुग्णाला 'मूलपेशी मेंदूत जाऊन मेलेल्या भागाची जागा घेतील' असं कुणी सांगितलं तर हा प्रश्न जरूर विचारा.

दुसरं कारण कर्करोगाचं. भरपूर विभागणाऱ्या पेशी म्हणजे भरकटण्याची भरपूर संधी. मोठ्या, दीर्घायुषी शरीराला पेशींच्या विभाजनावर लगाम ठेवावा लागतो आणि त्या लगामाची किंमत आपण उतारवयात देतो, असं अनेक जीवशास्त्रज्ञ मानतात.

कृमी, माशी आणि उंदीर

हायड्रा म्हातारा होत नसल्यामुळे वार्धक्य बघायला दुसरे प्राणी लागतात, आणि ते लवकर म्हातारे होणारे असले तर बरं. मिलिमीटरभर लांबीचा एक सूत्रकृमी दोन-तीन आठवडे जगतो. १९९३ मध्ये सिंथिया केन्यन आणि सहकाऱ्यांनी त्याचं एक जनुक बदललं आणि त्याचं आयुष्य दुपटीहून वाढलं. हे जनुक इन्सुलिनसारख्या संदेशाचं होतं. त्या संदेशसाखळीच्या शेवटी असलेलं 'फॉक्सओ' हे प्रथिन पुढे हायड्राच्या मूलपेशींतही महत्त्वाचं ठरलं, आणि दीर्घायुषी माणसांच्या अभ्यासातही त्याच कुळातल्या एका जनुकाचं नाव पुढे आलं. कृमी, हायड्रा आणि माणूस एकाच धाग्यावर सापडले.

केळ्यावर घोंघावणाऱ्या फळमाशीने वेगळाच धडा दिला. म्हाताऱ्या माशीच्या आतड्यातल्या मूलपेशी थकून बसत नाहीत, उलट जास्त विभागतात आणि अर्धवट तयार झालेल्या पेशींचा गोंधळ माजतो. आतड्याचं अस्तर गळकं होतं. म्हणजे 'मूलपेशी वाढवल्या की तारुण्य येतं' हे समीकरण माशीतसुद्धा चालत नाही.

उंदरांवरचं पुण्यातलंच एक काम सांगण्यासारखं आहे. राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रातल्या डॉ. वैजयंती काळे, डॉ. ललिता लिमये आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये दाखवलं की तरुण उंदरांच्या अस्थिमज्जेतल्या आधारपेशी ज्या सूक्ष्म पिशव्या बाहेर सोडतात, त्या वयस्कर उंदरांच्या रक्तमूलपेशींना मिळाल्या तर त्या पेशी पुन्हा जोमाने रक्त तयार करू लागतात. मूलपेशीचं वय तिच्या स्वतःच्या आतच ठरतं असं नाही, शेजारावरही ते अवलंबून असतं. अमेरिकेत २००५ मध्ये तरुण आणि म्हाताऱ्या उंदरांचं रक्ताभिसरण जोडून केलेल्या प्रयोगातही असंच काहीसं दिसलं होतं. त्यानंतर काही लोकांनी 'तरुणांचा प्लाझ्मा' चक्क विकायला काढला, आणि २०१९ मध्ये अमेरिकेच्या औषध नियंत्रकांना जाहीर इशारा द्यावा लागला की याचा फायदा सिद्ध झालेला नाही आणि धोके आहेत. प्रयोगशाळेतून दुकानापर्यंतची ही उडी नेहमी अशीच असते.

रॅपामायसिन या औषधाचं उदाहरणही वाचनात येतं. २००९ मध्ये अमेरिकेतल्या तीन प्रयोगशाळांनी म्हाताऱ्या उंदरांना ते दिलं आणि त्यांचं आयुष्य वाढलं. हेच औषध मूत्रपिंड प्रत्यारोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबण्यासाठी वापरतात. घरच्या वयस्कर माणसाला ते 'तारुण्यासाठी' स्वतःच्या मनाने देणं म्हणजे न्यूमोनियाला आमंत्रण आहे.

उपाशी ठेवलेल्या उंदरांबद्दल थोडं. कमी खाणारे उंदीर जास्त जगतात हे १९३५ पासून माहीत आहे. पण पिंजऱ्यातल्या, पोटभर खाऊन सुस्त झालेल्या उंदराशी ही तुलना असते. शेतात राबून आधीच सडपातळ असलेल्या, दोन वेळा भात आणि कालवणावर राहणाऱ्या सत्तरीच्या आजोबांनी उपास वाढवले तर आयुष्य वाढत नाही, स्नायू मात्र जातात.

आज खरोखर मिळणारे उपचार

मूलपेशींचा सर्वांत जुना आणि पक्का उपचार म्हणजे अस्थिमज्जा प्रत्यारोपण, म्हणजेच बोन मॅरो ट्रान्सप्लांट. भारतातलं पहिलं यशस्वी प्रत्यारोपण मुंबईच्या टाटा मेमोरिअल रुग्णालयात १९८३ मध्ये झालं. रक्ताचे काही कर्करोग, थॅलेसेमिया, मज्जा काम करणं थांबते असा अप्लास्टिक अ‍ॅनिमिया, मुलांमधले काही जन्मजात प्रतिकारशक्तीचे आजार यांत ते केलं जातं. रायगडच्या रुग्णांसाठी खारघरचं टाटाचं अ‍ॅक्ट्रेक केंद्र तुलनेने जवळ आहे. थॅलेसेमियाच्या मुलांसाठी बोरिवलीत मुंबई महापालिकेचं केंद्र आहे. खर्च कुठल्या सरकारी योजनेत बसतो हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला किंवा समाजसेवा विभागाला आधी विचारा, घर-जमीन विकायचा विचार त्यानंतर.

वार्धक्याचा प्रश्न इथे थेट कुटुंबात येतो. दात्याच्या पेशी रुग्णाशी जुळाव्या लागतात. सख्ख्या भावंडांपैकी प्रत्येकाशी पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक असते. आईवडील साधारणपणे अर्धे जुळतात. जुळणी सारखीच असेल तर डॉक्टर सहसा तरुण दाता निवडतात. 'मी आई आहे, माझंच घ्या' असं म्हणणाऱ्या आईला बाजूला ठेवून पंचविशीच्या भावाला बोलावलं जातं, तेव्हा तो आईवरचा अविश्वास नसतो. पन्नाशीच्या मज्जेपेक्षा पंचविशीच्या मज्जेतून रुग्णाला चांगला निकाल मिळण्याची शक्यता जास्त असते, एवढंच त्यामागचं कारण. दाता होण्याने भावाची ताकद कायमची जात नाही. दिलेल्या पेशी काही आठवड्यांत भरून येतात.

डोळ्याच्या बुबुळाच्या कडेच्या मूलपेशी रसायनाने किंवा चुन्याने भाजून गेल्या असतील तर त्यांचं रोपण करता येतं आणि हैदराबादसारख्या ठिकाणी ते वर्षानुवर्षं होत आहे. गुडघ्यासाठी परिस्थिती थोडी बदललेली आहे. अस्थिमज्जेपासून बनवलेल्या एका मूलपेशी उत्पादनाला मध्यम सांधेझिजेसाठी भारतीय औषध नियंत्रकांनी २०२२ मध्ये मान्यता दिली. त्यामुळे 'गुडघ्यात स्टेम सेल म्हणजे सगळी फसवणूक' असं म्हणता येणार नाही. पण ती मान्यता त्या एका उत्पादनाला आणि मध्यम झिजेला आहे. हाड हाडाला घासत असेल, पाय वाकडा झाला असेल तर त्याने कूर्चा नव्याने उगवून येणार नाही. अनेक ठिकाणी तर 'स्टेम सेल' म्हणून जे टोचतात ते रुग्णाच्याच रक्तातल्या प्लेटलेट्सचं द्रावण, म्हणजे पीआरपी असतं. त्यात मूलपेशी नसतात. बिलावर काय लिहिलंय ते बघा.

यापलीकडे, म्हणजे अर्धांगवायू, मणक्याची इजा, पार्किन्सन, मधुमेह, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, स्नायूंचा क्षय आणि 'तारुण्य परत आणणं' यांपैकी कशासाठीही मूलपेशी देणं आज भारतात मान्य नियमित उपचार नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की असा वापर फक्त नोंदणीकृत चाचणीतच व्हावा. जपलेल्या नाळेबद्दलही परिषद सावध आहे आणि खाजगी बँकेत नाळरक्त ठेवायची शिफारस करत नाही. थॅलेसेमियाच्या बाळाचं स्वतःचं नाळरक्त त्याला उपयोगी पडत नाही, कारण दोष त्या पेशींतही तसाच असतो. मोठ्या भावंडाला आजार असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा तज्ज्ञांशी बाळंतपणाआधी बोला.

'नुकसान तर काही नाही ना?'

हा प्रश्न मी सर्वांत जास्त ऐकतो, आणि उत्तर असं की नुकसान असू शकतं. २०१७ मध्ये अमेरिकेतून तीन महिलांची नोंद प्रसिद्ध झाली. पोटाच्या चरबीतून काढलेल्या 'मूलपेशी' दोन्ही डोळ्यांत टोचून घेतल्यावर तिघींचीही दृष्टी गंभीरपणे गेली. त्यांनी त्यासाठी पैसे भरले होते. त्याआधीच्या वर्षी आणखी एका रुग्णाची नोंद आली होती. अर्धांगवायूनंतर त्याने वेगवेगळ्या देशांत जाऊन पाठीच्या कण्यात मूलपेशी घेतल्या आणि तिथे दुसऱ्या माणसाच्या पेशींची गाठ वाढली. भरकटणाऱ्या मूलपेशींबद्दल वर सांगितलं ते यासाठीच.

तुम्हाला कुणी असा उपचार सुचवला तर शांतपणे विचारा: हा मान्य उपचार आहे की चाचणी? मान्य असेल तर उत्पादनाचं नाव काय आणि मान्यता कोणत्या आजाराला? चाचणी असेल तर क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडियातला नोंदणी क्रमांक द्या. तो क्रमांक कुणालाही इंटरनेटवर तपासता येतो. कॉलेजात जाणारी नात पाच मिनिटांत शोधून देईल. चाचणीत नीतिमत्ता समितीची मंजुरी लागते, तुमच्या भाषेतलं संमतिपत्र द्यावं लागतं आणि चाचणीमुळे इजा झाली तर उपचार व भरपाईची तरतूद असते. पेशींसाठी रुग्णाकडून पैसे घेतले जात नाहीत. लाखांत फी आणि तोंडाने 'रिसर्च चालू आहे' असं दोन्ही एकत्र ऐकू आलं तर उठून या. व्हिडिओत चालताना दिसणारा रुग्ण हा पुरावा धरू नका. अर्धांगवायूनंतरच्या पहिल्या काही महिन्यांत बरेच रुग्ण फिजिओथेरपीने आपणहून सुधारतात, आणि इंजेक्शन नेमकं त्याच काळात दिलेलं असेल तर श्रेय इंजेक्शनला जातं.

घरातल्या वयस्करांसाठी आज करता येण्यासारखं

अर्धांगवायूत सगळ्यात मोठा फायदा पहिल्या तासांत असतो. तोंड वाकडं झालं, हात उचलेना, बोबडी वळली तर वेळ नोंदवा आणि सीटी स्कॅन व गुठळी विरघळवणारं औषध असलेल्या रुग्णालयात लगेच न्या. ते औषध लक्षणं सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. खांब किंवा कोलाडहून निघताना फोन करून हे दोन्ही उपलब्ध आहे का विचारून मगच रस्ता ठरवा. चुकीच्या रुग्णालयात गेलेला तास परत मिळत नाही.

स्नायूंतल्या मूलपेशींना जागं ठेवणारी सर्वांत खात्रीची गोष्ट म्हणजे स्नायू वापरणं. सत्तरीतही खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठणं-बसणं, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणं याने ताकद वाढते. गुडघेदुखीतही मांडीचे स्नायू बळकट केल्याने दुखणं कमी होतं. रोजच्या जेवणात डाळ, अंडं, सुकट किंवा ताजी मासळी, दही यांपैकी काहीतरी दोन्ही वेळा असू द्या. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवा. तंबाखू आणि मशेरी बंद करा. मधुमेह ताब्यात नसेल तर जखमेच्या जागी मूलपेशी असूनही त्या नीट काम करत नाहीत, म्हणून पायाच्या जखमेवर मलम लावण्याआधी साखर तपासा.

वयस्कर माणसाचं हिमोग्लोबिन कमी आलं तर 'वयामुळे असेल' म्हणून सोडून देऊ नका. बऱ्याचदा लोह किंवा बी १२ ची कमतरता, मूळव्याधीतून किंवा पोटातून होणारा रक्तस्राव, मूत्रपिंडाचा आजार यांपैकी काहीतरी सापडतं आणि त्यावर उपचार असतो. हिमोग्लोबिनसोबत पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट्सही कमी असतील, वारंवार ताप येत असेल किंवा अंगावर निळे डाग पडत असतील तर मात्र मज्जेतल्या मूलपेशींचाच आजार असू शकतो. अशा वेळी रक्तविकार तज्ज्ञाकडे, म्हणजे हिमॅटॉलॉजिस्टकडे, त्याच आठवड्यात जा आणि जाताना आधीचे सगळे सीबीसीचे रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून न्या.